चुना, मोजून

अर्जात धर्माचा रकाना होता.
मी आडवी रेघ ओढली.
खिडकीपलीकडच्या पोरानं कागद परत सरकवला,
रेघ चालत नाही म्हणाला.
मग लिहिलं हिंदू,
शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तरांनी लिहिलं होतं तसंच,
तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं.

एकोणीस वर्षं झाली.
बरकाच्या किनाऱ्यावर मी समुद्रातून मीठ काढतो.
पडद्यामागे पडदा, दाब, पंप,
आणि शेवटी येतं ते पाणी इतकं शुद्ध
की पिववत नाही. पाइपसुद्धा खातं.
म्हणून त्यात परत चुना घालायचा,
मोजून, थोडासा.
हे हुर्जूकला सांगितलं
तर दाढी खाजवत हसला,
"आनि तुझ्यात कोन घालनार?"

शमसुद्दीन हुर्जूक, मुक्काम हर्णै.
क्रेन चालवायचा. झोप दगडाची.
उशाशी तीन मोबाइल ओरडून ओरडून दमायचे.
मी रात्रपाळी करून चारला परतायचो,
म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं:
त्याला फजरला उठवायचं.
अकरा वर्षं
मी एका माणसाला देवाकडे धाडलं,
पायाचा अंगठा ओढून.

कधी वाद घातला नाही त्यानं.
एकदाच विचारलं, जूनमध्ये, एसी बंद पडलेला,
दोघं गच्चीवर ओल्या चादरी पांघरून पडलेलो:
"त्याच्यावर राग हाय तुझा?"
नाही. राग यायला तो असावा लागतो.
बराच वेळ काही बोलला नाही.
वाटलं, झोपला.
मग म्हणाला, "मना येतो. कधी कधी लय येतो."

आई दर खेपेला अंगाऱ्याची पुडी द्यायची.
विमानतळावर एकदा कस्टमवाल्यानं ती उघडली.
हे काय? राख.
कुणाची?
मला खरंच सांगता येईना.
त्यानं हुंगली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुडी
माझ्याहून चांगल्या घडीत बांधून दिली.
अजून आहे पासपोर्टाच्या कव्हरात.
याला श्रद्धा म्हणू नका.
पुडीवर आईचं अक्षर आहे,
"डोक्याला लाव", लावचा वेलांटीसारखा वळलेला व.

ती गेली तेव्हा सुट्टी मिळाली नाही.
हुर्जूक दारात येऊन उभा राहिला, चपला हातात.
"तुझी हरकत नसंल तर
मी तिच्यासाटी दुआ करू?"
कर, म्हणालो.
त्यानं तळहात वर केले.
माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना,
मी कांदा चिरायला घेतला.

मागच्या रमजानानंतर त्याचा हिशोब झाला.
दोन ब्लँकेटं, खजूर, टँगचा डबा,
आणि मला देऊन गेला तो एक मोबाइल, फुटक्या काचेचा.
त्याच्या खाटेवर आता सिल्हेटचा पोरगा.
तो नमाज पढत नाही, रात्रभर व्हिडिओ बघतो.
पहिल्या आठवड्यात मी सवयीनं
त्याचा अंगठा ओढला.
काय घाबरला बिचारा.

चार वीसला तीन मशिदींतून अजान सुरू होते,
एकीच्या मागे दुसरी, किंचित उशिरानं तिसरी.
मी गच्चीवर असतो, चहा घेऊन.
प्रार्थना करत नाही.
काही मागायचं सुचत नाही,
आणि ऐकणारा कुणी आहे असंही वाटत नाही.
पण खाली जावंसंही वाटत नाही,
याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

मग फुटक्या काचेवरून हर्णैला एक रिंग देतो.
तिकडे सहा वाजायला आलेले असतात,
त्याला केव्हाच कुणीतरी उठवलेलं असतं.
तो उचलत नाही.
कापतो.
म्हणजे जागा आहे.